प्रा. कुंदनगार आणि ब्रह्मपुरीची टेकडी

कोल्हापुरास येणारा प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, नवा राजवाडा पाहतो, आणि वेळ उरलाच तर भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉलच्या इमारतीत असलेल्या वस्तुसंग्रहालयात डोकावतो. तेथे त्याचे लक्ष प्रथम वेधून घेतात ती जुनी शस्त्रे आणि आबालाल रहिमानांसारख्या करवीरच्या चित्रकारांची चित्रे. ह्या साऱ्यांत उंचीने वीतभरही नसलेली एक ब्राँझची मूर्ती आहे. पुष्कळांना ती आपल्याकडील एखाद्या देवाची वाटते आणि ते पुढे जातात. ती मूर्ती ग्रीक लोकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची आहे. सह्याद्रीच्या भिंतीने समुद्रापासून तोडलेल्या ह्या गावी समुद्राचा देव कसा आला, आणि सुमारे अठराशे वर्षे मातीत राहून तो पुन्हा कोणाच्या हाती लागला, ही हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. तिचा नायक ना राजा आहे, ना सेनापती. तो कॉलेजातील एक भाषापंडित आहे.

प्राध्यापक के. जी. कुंदनगार हे त्यांचे नाव. राजाराम कॉलेजात ते कानडी शिकवीत. १८८० साली स्थापन झालेले हे कॉलेज त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील विद्येचे मोठेच केंद्र होते. अर्धमागधीचे विख्यात पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये हे तेथे कुंदनगारांचे सहकारी होते. जुन्या कानडी काव्याचे संपादन, शब्दांची छाननी, पाठभेदांचा निवाडा हे कुंदनगारांचे नित्याचे काम. आदिकवी पंपाच्या ‘आदिपुराणा’च्या संपादनात त्यांचा वाटा होता. अशा मनुष्याने कुदळ-फावडे घेतलेल्या मजुरांबरोबर उन्हात उभे राहावे आणि मातीतून निघालेली भांडीकुंडी मोजावीत, हे वरवर पाहता विचित्र दिसते. परंतु त्यांच्या आयुष्यक्रमाकडे नीट पाहिले म्हणजे एका कामातून दुसरे काम कसे निघाले ते ध्यानात येते.

मराठी मुलखाच्या ह्या शहरात कानडी पंडिताचे इतिहासाशी काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर करवीरच्या शिलालेखांतच आहे. बाराव्या शतकात येथे शिलाहार राजांचे राज्य होते. गंडरादित्य, विजयादित्य, दुसरा भोज हे त्यांतील प्रसिद्ध पुरुष. त्यांच्या प्रदेशात संस्कृत आणि कानडी ह्या दोन्ही भाषांत लेख कोरले जात, आणि लेख संस्कृतात असला तरी त्याची लिपी बहुधा जुनी कानडी असे. कोल्हापुरातील एका जैन मंदिराजवळचा विजयादित्याच्या काळचा लेख ह्याच प्रकारचा आहे. त्याचे साल शके १०६५, म्हणजे इ. स. ११४३. चंद्रग्रहणाच्या पर्वावर एका जिनालयास दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे, आणि ती नोंद दान दिलेल्या शेताचे माप आणि बारा हात घराचे मापही सांगते. एखाद्या गावात आठशे वर्षांपूर्वी घर किती हातांचे असे, शेत कोणत्या काठीने मोजीत, देवळाच्या पूजेची तरतूद कशी करीत, हे सारे त्या दगडावर आहे. परंतु ते वाचावयाचे तर जुनी कानडी अक्षरे ओळखता आली पाहिजेत. कोल्हापूरच्या भूतकाळाची एक किल्ली अशी कानडी पंडिताच्या हाती होती.

कुंदनगारांनी ती किल्ली वापरली. १९२९ साली त्यांनी महालक्ष्मीच्या मंदिराविषयी आपली टिपणे प्रसिद्ध केली. पुढे १९३९ साली उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थान ह्यांतील शिलालेखांचा त्यांचा संग्रह कोल्हापुरातच छापला गेला. ह्या कामासाठी खोलीत बसून भागत नाही. दगड जेथे आहे तेथे जावे लागते. कोणता लेख देवळाच्या भिंतीत उलटा बसविला आहे, कोणत्या लेखावर पिढ्यान् पिढ्या शेंदराचे थर चढले आहेत, कोणता विहिरीच्या काठी धुण्याचा दगड झाला आहे, हे डोळ्यांनी पाहावे लागते. त्यावरील ओळींचा ठसा घ्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे तो दगड कोणत्या गावी, कोणत्या जागी, कोणत्या स्थितीत मिळाला हे टिपून ठेवावे लागते. लेखातील गावाचे नाव आणि दगडाचे आजचे ठिकाण ताडून पाहिल्यावाचून लेखाचा अर्थ पुरता लागत नाही. वस्तूपेक्षाही वस्तूच्या जागेला महत्त्व देण्याची ही सवय पुढच्या हकीकतीत आपणांस पुन्हा भेटणार आहे.

आता ब्रह्मपुरीकडे वळू. जुन्या शहराच्या कडेला पंचगंगेच्या काठी ही टेकडी आहे. दिसावयास ती साधी मातीची उंचवटी. परंतु नदीकाठची अशी उंचवटी पुष्कळदा निसर्गाने केलेली नसते. एक घर पडते, त्याच्या मातीवर दुसरे उभे राहते, त्यावर तिसरे, आणि शेकडो वर्षांनी त्या ढिगाला आपण टेकडी म्हणू लागतो. ब्रह्मपुरी तशीच आहे. एकोणिसाव्या शतकातच ह्या परिसरात सातवाहनकालीन नाणी सापडली होती. त्यांवर धनुष्यबाणाचे चिन्ह होते, आणि विळिवायकुर, शिवलकुर अशी चमत्कारिक नावे होती. पंडितांमध्ये त्यांवर बराच खल झाला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी ह्याने हिप्पोकुरा नावाच्या एका नगराचा उल्लेख करून तेथील राजाचे नाव बालेओकुरोस असे दिले आहे. हा बालेओकुरोस म्हणजेच नाण्यांवरील विळिवायकुर असावा, असे अनेक संशोधकांनी मानले. त्याच शतकात कोल्हापुरात एका बौद्ध स्तूपाच्या पोटातून स्फटिकाचा करंडक आणि दात्याचे नाव असलेला ब्राह्मी लेखही मिळाला. म्हणजे अंबाबाईच्या ह्या क्षेत्रात देवीच्या आजच्या मंदिरापूर्वी कित्येक शतके एक संपन्न गाव नांदत होते, ह्याची चाहूल लागली होती. परंतु त्या गावाचे घर कोणी पाहिले नव्हते. नाणी निघाली ती नाणेसंग्राहकांच्या हाती विखुरली. ज्या मातीतून ती निघाली तिची कोणी विचारपूस केली नाही.

ही विचारपूस १९४४–४५ साली सुरू झाली. कोल्हापूर त्या वेळी संस्थान होते. ब्रह्मपुरीवर कुंदनगारांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि विटांच्या एका जुन्या घरात ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा एके ठिकाणी मिळाला. आज विद्वानांच्या जगात हा साठा ‘कुंदनगार निधी’ ह्या नावाने ओळखला जातो. निधी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोहरांनी भरलेला हंडा उभा राहतो. ह्या निधीत तसे काही नव्हते. भांडी होती, आरसा होता, लहान मूर्ती होत्या, घरगुती वापराच्या कितीतरी चिजा होत्या. त्यांतील पुष्कळ वस्तू आपल्याच देशात घडलेल्या आहेत. हत्तीवर बसलेल्या स्वारांचा जो एक लहानसा संच त्यात आहे, त्याची उंची दोन-अडीच बोटे भरेल. परंतु हत्तीच्या चालीतला भार आणि स्वारांच्या बसण्यातला सैलपणा इतक्या लहान आकारात ज्या कारागिराने पकडला, त्याची गणना सातवाहन काळातील उत्तम कलावंतांत करावी लागेल.

ह्या देशी वस्तूंच्या सोबतीला काही पाहुणे होते. एक तो पोसायडन. दुसरा एक ब्राँझचा सुबक घाटाचा सुरईवजा तांब्या. तिसरा आरसा. चौथी एक उठावाच्या कामाची चकती, तिच्यावर पर्सियस हा ग्रीक वीर आणि त्याने सोडविलेली अँड्रोमेडा ह्यांची कथा कोरली आहे. ह्या वस्तू रोमन साम्राज्यातून आलेल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास त्या इटलीत किंवा रोमन सत्तेखालील मुलखात घडल्या आणि जहाजात चढून हिंदी महासागर ओलांडून आल्या.

त्या काळी ही ये-जा नवलाची नव्हती. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या टिपणात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची यादी आहे. चौल बंदरही त्यात आहे. पाश्चात्त्य व्यापारी येथे काय आणीत ह्याचीही नोंद तेथे मिळते. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे असा तो माल होता, आणि राजांच्या नजराण्यासाठी चांदीची भांडी येत. परतीच्या जहाजांत मिरी, तलम कापड, हस्तिदंत भरून जाई. किनाऱ्यावर उतरलेला माल घाटमार्गाने देशावर चढे. आज फोंडा आणि अंबा ह्या घाटांनी कोकणातला नारळ-आंबा कोल्हापुरास येतो. सह्याद्रीच्या अशाच कोणत्या तरी खिंडीतून बैलांच्या पाठीवर तो समुद्रदेव पंचगंगेच्या काठी आला असला पाहिजे. योगायोग असा, की ज्या वर्षी ब्रह्मपुरीचे काम चालले होते त्याच १९४५ साली पूर्व किनाऱ्यावर पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे सर मॉर्टिमर व्हीलर उत्खनन करीत होते, आणि तेथेही रोमन व्यापाराची मातीची भांडी निघत होती. देशाच्या दोन टोकांना एकाच जुन्या व्यापाराचे पुरावे एकाच वेळी जमिनीतून वर येत होते.

परंतु खरा प्रश्न ह्यापुढचा आहे. हा साठा ज्या घरात होता ते घर कोणाचे? एखाद्या धनिक सावकाराने हौसेने जमविलेल्या परदेशी वस्तूंचा तो संग्रह होता काय? की परदेशी माल विकणाऱ्या व्यापाऱ्याची ती वखार होती? की ते तांबटाचे घर होते? ह्या शेवटच्या शक्यतेचा विचार आपल्या घरातील गृहिणींना चटकन पटेल. ठोका पडलेला तांब्या, कडी तुटलेले घंगाळ, झिजलेली परात आपण मोडीत घालतो, आणि कासार त्या मोडीच्या वजनाइतकी किंमत धरून नवे भांडे देतो. त्या कासाराच्या घरी मोडीचा ढीग कोणी पाहिला तर त्यात वेगवेगळ्या घरांची आणि वेगवेगळ्या पिढ्यांची भांडी एकत्र दिसतील. म्हणून त्या कासाराला कोणी कलेचा रसिक म्हणणार नाही. धातू आणीत असलेल्या जहाजांतून ह्या वस्तूही केवळ धातू म्हणून आल्या नसतील कशावरून? एकच पोसायडन एका उत्तरात पूजेची किंवा हौसेची वस्तू ठरतो, दुसऱ्या उत्तरात विक्रीचा माल ठरतो, तिसऱ्यात मुशीत जाण्याची वाट पाहणारे ब्राँझ ठरतो. मूर्ती कितीही वेळा उलटसुलट करून पाहिली तरी ह्याचे उत्तर तिच्या अंगावर लिहिलेले नाही. ते तिच्या जागेत आहे. तिच्या शेजारी काय होते, तिच्याखाली कोणत्या थराची माती होती, त्याच खोलीत भट्टी, मूस किंवा ठोकणीची हत्यारे होती काय, ह्यात आहे. जडावाच्या कामात रत्नाला कोंदण असते आणि कोंदणातून निखळलेले रत्न हाती घेतले तर ते कोणत्या दागिन्यातले हे सांगता येत नाही. जमिनीतल्या वस्तूचे कोंदण म्हणजे तिची जागा.

ह्याच कारणाने ब्रह्मपुरीच्या पुढील हंगामाचे महत्त्व आहे. १९४५–४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेने तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्या दोघांनी ते काम चालविले. डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले होते. तेथे सांकलिया पुरातत्त्व शिकवीत आणि इरावतीबाई कर्वे समाजशास्त्र व मानववंशशास्त्र शिकवीत. गुजरातेतील लांघणज येथील प्राचीन मानवाच्या शोधात ह्या दोघांनी एकत्र काम केले होते. गाडलेल्या वस्तूंचा अभ्यास आणि जिवंत माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास ही दोन शास्त्रे अशी एका छपराखाली नांदत होती. त्याच सुमारास व्हीलरसाहेबांनी थराथराने खणण्याची पद्धत हिंदुस्थानात रूढ करण्याचा चंग बांधला होता. १९४४ साली पुराणवस्तु खात्याचे प्रमुख होताच त्यांनी तक्षशिलेस तरुण संशोधकांसाठी वर्ग भरविला. जमिनीचा उभा छेद पाहावयाचा, त्यातील मातीचे रंग व पोत ओळखावयाचे, आणि प्रत्येक खापराला त्याच्या थराचा क्रमांक द्यावयाचा, अशी ही शिस्त होती.

ह्या शिस्तीने ब्रह्मपुरी पाहिली तेव्हा तिचे पोट उघडे झाले. वरच्या थरांत बहामनी आणि त्यानंतरच्या काळातील वस्ती होती. त्याच्या खाली, दीर्घ काळाच्या अंतरानंतर, सातवाहन काळातील गाव होते. त्या गावाला भाजलेल्या विटांची घरे होती. त्यांत नाणी होती, काचेचे व दगडाचे मणी होते, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते, मातीची चित्रे होती, आणि अर्थातच खापरांचा ढीग होता. ह्या कामाचा वृत्तान्त १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दक्षिणेतील सातवाहनकालीन नगराची घरे कशी होती हे थरवार सांगणाऱ्या पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते.

वाचकाला खापरे आणि मणी नीरस वाटतील. परंतु राजाचे नाव नाण्यावरून कळते, राज्यातील माणूस मात्र खापरावरून कळतो. कोल्हापूरच्या त्या घरातील बाई कोणत्या भांड्यात भात शिजवीत असे, कोणत्या आकाराच्या मडक्यात पाणी थंड राही, तिच्या हातातील शंखाची बांगडी कोकण किनाऱ्यावरून आलेल्या कोणत्या शंखाची होती, तिच्या मुलीच्या गळ्यात काचेचा मणी होता की अकीकाचा, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. घरगुती व्यवहाराच्या अशा वस्तूंवरून एका समाजाचे राहणीमान, त्याचा व्यापार, त्यातील कारागिरांच्या जाती आणि त्यांचे कसब समजते. दीक्षितांनी पुढे हाच धागा धरला. १९४९ साली हिंदुस्थानातील नक्षीदार मण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि नंतर भारतीय काचेचा इतिहासही लिहिला. त्रिपुरी, सिरपूर, कौंडिण्यपूर अशा स्थळी त्यांचे काम झाले.

मग कुंदनगारांच्या कामाची किंमत काय करावी? येथे न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. निधी मिळाला कुंदनगारांना, आणि तो दुसऱ्यांदा मिळणार नव्हता. थर आणि छेद ह्यांचा तपशील मात्र डेक्कन कॉलेजच्या पुढील कामातच पुरता मिळाला. म्हणून निधीचा काळ आणि त्याचा हेतू ह्यांविषयीचा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९६० साली कार्ल खंडालावाला ह्यांनी ‘ललित कला’ ह्या नियतकालिकात ह्या वस्तूंचा सविस्तर परामर्श घेतला. १९९१ साली अमेरिकेतील संशोधक रिचर्ड डी पुमा ह्यांनी त्यांतील रोमन वस्तूंची इटलीतील वस्तूंशी तुलना केली. दोघांनाही वस्तूंच्या घडणीवरून पुष्कळ सांगता आले. परंतु त्या घराचा मालक कोण, हे निश्चित सांगणे कोणालाच साधले नाही. ही उणीव एका माणसाची म्हणता येणार नाही. थरवार नोंदीची रीत त्या काळी ह्या देशात नुकती कोठे रुजत होती. शिलालेखांच्या पंडिताने आपल्या वयाच्या उत्तरार्धात एक नवे शास्त्र अंगावर घेतले आणि त्याला जे ठाऊक होते त्या काळजीने केले. त्याने ते केले नसते तर टेकडीची माती कोणी तरी कधी तरी हलविलीच असती. तो हत्ती आणि तो समुद्रदेव मग खरोखरच मोडीत गेले असते.

दुसरे एक श्रेय त्याहून मोठे आहे. त्या वस्तू कोल्हापुरात राहिल्या. एखाद्या गावात काही अपूर्व सापडले की ते मोठ्या शहरी नेण्याची घाई होते, आणि गावाला त्याचे चित्र तेवढे पाहावयास मिळते. ब्रह्मपुरीच्या वस्तूंच्या निमित्ताने मात्र १९४६ साली कोल्हापुरात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच साली संग्रहालय टाऊन हॉलच्या इमारतीत आले. संस्थान गेले, त्याचे दरबार, त्याचे मानकरी गेले. त्या बदलाच्या धामधुमीत हे लहानसे संग्रहालय टिकले आणि आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. ह्या संग्रहालयाच्या पायात एका भाषापंडिताचे श्रम आहेत, हे विसरता येत नाही.

त्या इमारतीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तिच्यात एक विलक्षण योग दडला आहे. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ ह्या काळात बांधला गेला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट ह्या लष्करी अभियंत्याचा. आपला नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा हेही त्याचेच. ह्याच मँटने इटलीतील फ्लॉरेन्स शहरी आणखी एक लहान वास्तू योजिली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर त्यांचे हिंदु रीतीने दहन झाले. तेथे १८७४ साली उभारलेल्या छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळच बांधलेल्या पुलालाही तेथील लोक हिंदी माणसाचा पूल म्हणतात. इटलीतून आलेला देव मँटच्या कोल्हापुरातील इमारतीत राहतो, आणि कोल्हापूरहून गेलेल्या राजाची आठवण इटलीत मँटच्याच छत्रीखाली राहते. दोन्ही ठिकाणी परक्या भूमीने पाहुण्याला जागा दिली, आणि त्याचे नाव व गाव नोंदून ठेवले. नोंद होती म्हणूनच आज आपण ही हकीकत जुळवू शकतो.

ह्या सर्वांतून आपण काय घ्यावे? कोल्हापूर दिवसेंदिवस वाढत आहे. जुने वाडे पाडून त्या जागी मजल्यांवर मजले चढत आहेत, आणि प्रत्येक इमारतीचा पाया पूर्वीपेक्षा खोल जातो. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला आलेल्या महापुरांनी नदीकाठची माती आणि माणसे ह्या दोघांनाही हलविले. अशा वेळी जमिनीतून एखादे खापर, नाणे, मूर्ती वर आली तर ती कोणाच्या नजरेस पडते? पाया खणणाऱ्या गवंड्याच्या, मजुराच्या, किंवा घरमालकाच्या. विद्वान तेथे नंतर येतो, तोवर पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असे १८७८ सालचा कायदा सांगतो. परंतु कायद्याचा धाक हे ह्या गोष्टीचे मूळ नव्हे. सापडलेली वस्तू पाटीत टाकून घरी आणली म्हणजे ती सुखरूप झाली असे आपल्याला वाटते. ती सुखरूप होते खरी, पण मुकी होते. ती कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी पडली होती एवढे चार शब्द त्या दिवशीच लिहून ठेवले आणि योग्य ठिकाणी कळविले, तर पुढे येणारा अभ्यासक तिला बोलती करू शकतो.

कुंदनगार पुढे आपल्या मूळ विद्येकडेच वळले. १९६१ साली गदग येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. कानडी साहित्यात त्यांचा मान मोठा आहे. कोल्हापुरात मात्र त्यांचे नाव एका निधीला चिकटून राहिले, आणि तेही अभ्यासकांच्या ओठांवरच. मराठी शहराच्या सर्वांत जुन्या घराचे दार एका कानडी पंडिताने उघडले, ही गोष्ट भाषांच्या भांडणांत गुंतलेल्या आपल्या सीमाभागाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढच्या खेपेस टाऊन हॉलमध्ये जाल तेव्हा मुलांना तलवारी जरूर दाखवा. मग त्या लहान हत्तीपाशी आणि समुद्रदेवापाशी त्यांना थोडा वेळ थांबवा. ह्या वस्तू येथून अगदी जवळ, पंचगंगेच्या काठी, आपल्यासारख्याच कोणाच्या तरी घरात होत्या, हे त्यांना सांगा. आणि ते घर कोणाचे असेल, असा प्रश्न त्यांना विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणाजवळ नाही. कदाचित ते ब्रह्मपुरीच्या न खणलेल्या मातीत अजून असेल.